शिरपामाळाकडच्या पायवाटा

केवळ चालण्यासाठीं चालणें ही विद्या आम्ही इंग्रजी पुस्तकांवरून शिकलों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. आमचे आजोबा रोज दोन दोन कोस चालत. पण ते शेतावर, देवाला किंवा मामलेदार-कचेरीला चालत. कामावांचून वाट तुडविणारा मनुष्य त्यांच्या मतें एक तर वेडा असे, किंवा घरीं भांडून निघालेला असे. पुढें आम्ही महाविद्यालयांत गेलों आणि हॅझ्लिटचा १८२२ सालचा, प्रवासाला निघण्याच्या सुखावरचा निबंध आमच्या हातीं पडला. मागाहून स्टीव्हन्सन व लेस्ली स्टीफन भेटले. या मंडळींनीं मिळून आमची अशी कांहीं खात्री करून दिली कीं, हातांत काठी, खिशांत भाकरीचा तुकडा आणि समोर न संपणारी पायवाट एवढें ज्याला लाभलें, त्याला जगांत आणखी कांहीं मागावयाचें उरत नाहीं. गेलीं तीस वर्षें आम्ही हेंच वर्गांत शिकवीत आहों. मुलें खिडकीबाहेर पाहत बसतात. खिडकीबाहेर मुंबईचा रस्ता असतो, आणि त्यावर चालणें म्हणजे सुख नव्हे, पराक्रम आहे, हें त्यांना आमच्याहून चांगलें ठाऊक असतें.

दोन वर्षांपूर्वीं आमची एक जुनी विद्यार्थिनी विलायतेहून आली. येतांना तिनें आमच्यासाठीं एक चिमुकली पुस्तिका आणली. इंग्लंडांतील एका खेडेगांवाभोंवतीं पायीं हिंडण्याच्या आठ-दहा वाटा तींत दिल्या होत्या. चर्चच्या फाटकापासून डावीकडे वळा, ओढ्यावरची फळी ओलांडा, कुंपणाच्या पायऱ्या चढून पलीकडच्या शेतांत उतरा आणि शेताच्या मधून तिरपे जा, अशा सूचना, व सोबत हातानें काढलेले नकाशे. आम्हीं ती पुस्तिका कादंबरीसारखी वाचली. शेत दुसऱ्याचें, कुंपण दुसऱ्याचें, आणि तरी वाटेच्या परक्याला त्यांतून तिरपें जाण्याची खुशाल मुभा! ही मुभा तेथील जमीनदारांच्या औदार्यानें मिळालेली नाहीं. २४ एप्रिल १९३२ रोजीं कांहीं शें तरुण, बहुतेक कामकरी, मालकाची बंदी मोडून किंडर स्काउट नांवाच्या डोंगरावर चढले; रखवालदारांशीं झटापट झाली आणि त्यांतील कांहींना तुरुंगांत जावें लागलें. पुढें १९४९ सालीं पार्लमेंटानें कायदा करून परगण्यापरगण्याला आपल्या हद्दींतील पायवाटांचा नकाशा करणें भाग पाडलें. त्या नकाशावर वाट एकदां चढली कीं ती साऱ्यांची. मालकानें शेत नांगरलें तरी वाट पुन्हां मोकळी करून द्यावयाची.

अशी एक पुस्तिका मराठींत कां नसावी, या विचारानें आम्हांला झपाटलें. किल्ल्यांवरचीं पुस्तकें आपल्याकडे ढिगानें आहेत. पण किल्ला म्हटला म्हणजे चढाई आली, इतिहास आला आणि अलीकडे छायाचित्रें आलीं. आम्हांला हवें होतें तें सकाळच्या चहानंतर निघून जेवणापूर्वीं परत येण्यासारखें साधें हिंडणें. त्यासाठीं आम्हीं जव्हार निवडलें. मुकणे राजघराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. गांव साडेचारशें मीटरांच्या आसपास उंचीवर असल्यामुळें हवा सुखाची, आणि नगरपालिका तर १९१८ सालची. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोशाचा धबधबा, भूपतगड हीं स्थळें पाहावयास मुंबई-नाशिकचे लोक मोटारींतून येतात, उतरतात, पाहतात आणि पुन्हां मोटारींत बसतात. या स्थळांच्या मधली भूमि कोणी पाहत नाहीं, आणि आमची पुस्तिका नेमकी तिचीच व्हावयाची होती.

उतरण्याची सोयहि आयती झाली. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं जव्हाराबाहेर थोडी जागा घेऊन तींत टुमदार घर बांधलें आहे. आदिवासींची जमीन इतरांना सहजासहजीं घेतां येत नाहीं, १९७४ पासून त्याला सरकारची मंजुरी लागते. पण ही जागा पूर्वींपासूनच इतरांच्या मालकीची होती, त्यामुळें खरेदी निर्वेध झाली. स्नेह्यांनीं आंब्याचीं व काजूचीं कलमें लावलीं, विहीर खणली, आणि गेल्या अश्विनांत पाऊस सरल्यावर चोहोंकडून तारेचें कुंपण घातलें. मार्गशीर्षांत आम्ही आठ दिवसांसाठीं तेथें गेलों, तेव्हां त्या तारा अजून नव्या होत्या, उन्हांत चकाकत होत्या.

पहिली वाट अर्थात् शिरपामाळाची. १६६३ च्या अखेरीस सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला. जव्हारचे राजे विक्रमशहा यांनीं त्यांचें येथें स्वागत केलें व त्यांच्या मस्तकीं शिरपेच चढविला, आणि त्या शिरपेचावरून माळाला हें नांव मिळालें, असें सांगतात. पुढें १६७२ त मोरोपंत पिंगळ्यांनीं जव्हार जिंकून घेतलें, हेंहि इतिहासांत आहेच. शिरपेचाच्या कथेबरोबर ही पुढची कथा मात्र माळावर कोणी सांगत नाहीं. वर भगवा फडकत असतो. भोंवतीं उघडा, वाऱ्याचा माळ. खालीं दऱ्या, आणि दऱ्यांपलीकडे एकामागें एक निळ्या होत गेलेल्या डोंगरांच्या रांगा. आम्ही तेथें बराच वेळ बसलों. एवढी फौज या मुलखांतून न बोभाटतां गेली कशी, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत आम्हांला कधीं पडला नव्हता. माळावर बसल्यावर पडला. हमरस्ता नव्हता. कोणीतरी वाटाडे असलेच पाहिजेत, आणि वाटाड्यांना ज्या वाटा ठाऊक असावयाच्या त्या पाण्याच्या, लाकडांच्या आणि सोयरिकीच्या. त्या वाटांना शिरपेच मिळाला नाहीं.

चार दिवसांत आम्हीं पांच वाटा चालून वहींत उतरून घेतल्या. वाटांना नांवें आम्हीं आमच्या मनानें दिलीं: करवंदवाट, सूर्यास्तवाट, मोहाची वाट. त्यांतली तिसरी, म्हणजे मोहाची वाट, आम्हांला सर्वांत आवडली. ती एका पाड्यावरून निघे. पाडा म्हणजे कारवीच्या कुडाचीं, शेणानें सारवलेलीं पंधरा-वीस घरें. मध्यें अंगण, अंगणांत कोंबड्या. दिवाळी झाली कीं पाड्यांतलीं धडधाकट माणसें मुलांबाळांसह वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात तीं पावसाच्या तोंडीं परततात. त्यामुळें मार्गशीर्षांत पाड्यावर म्हातारीं माणसें, कांहीं बायका आणि बरीचशी शांतता होती. खेदाची गोष्ट ही कीं, त्या शांततेचें वर्णन आम्हीं वहींत मोठ्या रसिकतेनें केलें. पाड्यापासून वाट नाचणीच्या कापलेल्या खाचरांच्या बांधानें जाई, दोन प्रचंड मोहांच्या खालून उतरे, आणि एका घळींत, जेथें कातळाच्या फटींतून पाणी झिरपून एका खळग्यांत सांचे, तेथें संपे. पाऊलभर रुंदीची वाट. पण पायांनीं अशी मळलेली कीं कातळहि मधोमध गुळगुळीत झाला होता. मात्र मोहांच्या अलीकडे ती आमच्या स्नेह्यांच्या कुंपणांत शिरे आणि पलीकडे पुन्हां बाहेर पडे. कुंपणाला दोन्ही बाजूंस लहानसें दार होतें, आणि त्याच्या किल्ल्या स्नेह्यांनीं आमच्या हातांत दिल्या होत्या. “मालकांच्या सौजन्यानें येथून आंत शिरावें,” असें आम्हीं वहींत लिहून ठेविलें.

पांचव्या दिवशीं त्याच दाराशीं कुलूप उघडतांना आम्हांला एक बाई भेटली. वय आमच्याएवढें असेल, कदाचित् कमीहि. या भागांत वयाचा अंदाज करूं नये. डोक्यावर दोन हंडे, एकावर एक, दोन्ही रिकामे. ती कुंपणाच्या कडेकडेनें, दगडधोंड्यांतून चालली होती. थांबून तिनें विचारलें, “सर, कोणाकडं जायचं?” आम्ही म्हणालों, “कोणाकडे नाहीं. असेंच फिरतों आहों.” तिनें कांहीं वेळ वाट पाहिली. पुढचें वाक्य आमच्याजवळ नाहीं हें ध्यानांत आल्यावर ती हंसली. आमचे आजोबा हंसले असते तशीच. आम्हीं तिला वाटांचीं नांवें विचारलीं. नांवें होतीं. ही पाण्याची. ती वरची मोळीची, तिनें सरपण विकावयास जव्हारास जातात. पलीकडची रेशनाची. आणि रस्त्याला मिळणारी ती दवाखान्याची. तिच्या सुनेला दोनदां झोळींतून त्या वाटेनें नेलें होतें. एकदां परत आणलें तें मूल जिवंत होतें, एकदां नव्हतें. हें तिनें आम्हीं सूर्यास्तवाट म्हणून टिपून ठेविलेल्या वाटेकडे बोट दाखवून सांगितलें.

मग आम्हीं विचारलें कीं, पाण्याची वाट तर या दारांतून जाते, मग बाई, तुम्ही बाहेरून कशाला जातां? ती म्हणाली, “वाट होती. आतां तार आहे.” किती दिवसांपासून होती? तिच्या सासूची सासू त्याच वाटेनें पाणी आणी.

त्या रात्रीं जेवणानंतर आम्हीं स्नेह्यांपाशीं विषय काढला. मनुष्य वाईट नाहीं; आमच्या मुलीच्या दुखण्यांत त्यांनीं रात्रीं दोन वाजतां मोटार काढली होती, तें आम्ही विसरलेलों नाहीं. ते म्हणाले, “अहो प्रोफेसर, मला का हौस आहे? शेळ्या येतात, कलमें खातात. दार उघडें राहिलें कीं संपलें. आणि खरेदीखतांत वाटेचा शब्द नाहीं.” तोहि मुद्दा खरा होता. गांवनकाशांत पायवाट तुटक रेषेनें दाखवितात. स्नेह्यांजवळच्या प्रतींत त्यांच्या जागेवर तशी रेषा नव्हती. आमच्या खिशांतल्या दूरध्वनीवरचा नकाशा पाहिला, तर त्यांत पाडाच नव्हता, मग वाट कोठून असणार! शेवटीं आम्हींच तोड सुचविली: दोन्ही दारें सकाळीं सहा ते आठ आणि सायंकाळीं पांच ते सहा उघडीं ठेवावीं. स्नेह्यांनीं ती मोठ्या मनानें मान्य केली. मात्र सारें कागदावर असावें, म्हणजे पुढें तंटा नको, असें ते म्हणाले, आणि आम्हांलाहि तें रास्त वाटलें.

कागदाचा मसुदा त्यांचा, पण भाषा आमची. त्यांनीं “परमिशन” लिहिलें होतें; तें खोडून आम्हीं “मालकांच्या अनुमतीनें व त्यांची मर्जी असेतोंपर्यंत” असें घातलें, आणि वाक्याला डौल आला म्हणून मनांतल्या मनांत सुखावलों. पाड्यावरच्या दोघां वृद्धांना बोलावून कागद वाचून दाखविला. एकानें सही केली, एकानें आंगठा दिला. साक्षीदार म्हणून आम्हीं सही ठोकली. चहा झाला. आम्ही मुंबईस परतलों तें एक सत्कृत्य पदरीं बांधून.

ही हकीकत आमच्या एका वकील मित्राला आम्हीं कौतुकाच्या अपेक्षेनेंच सांगितली. त्यानें ती ऐकून घेतली आणि विचारलें, “अनुमतीनें हा शब्द कोणी घातला?” मग त्यानें आम्हांला १८८२ चा वहिवाटीच्या हक्कांचा कायदा समजावून दिला. दुसऱ्याच्या जमिनींतून वीस वर्षें उघडपणें, निर्वेधपणें आणि आपला हक्क म्हणून जो जा-ये करतो, त्याला त्या वाटेचा हक्क प्राप्त होतो. खरेदीखतांत शब्द असो वा नसो, नकाशांत रेषा असो वा नसो. कोणी वाट अडविली, तरी तेवढ्यानें हक्क लगेच तुटत नाहीं; पण तें अडविणें माहीत असून वर्षभर मुकाट सोसलें, तर तुटतो. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, जाणारा परवानगीनें जात असेल, तर तो वीस काय, शंभर वर्षें गेला तरी त्याचा हक्क उत्पन्न होत नाहीं. इंग्लंडांतहि न्याय हाच. तेथील कांहीं धूर्त मालक आपलें फाटक वर्षांतून एक दिवस मुद्दाम बंद ठेवतात तें, बाकीचे दिवस लोक आमच्या मेहेरबानीनें जातात, असें पुढें म्हणतां यावें म्हणून. “त्या बायका चार पिढ्या हक्कानें चालत होत्या,” मित्र म्हणाला, “तुम्हीं एका विशेषणानें त्यांना याचक केलेंत. आणि वर साक्ष घातलीत.”

अनुमति हें विशेषण नव्हे, नाम आहे, असें आम्ही त्याला सांगणार होतों. पण गप्प बसलों. रात्रीं झोंप आली नाहीं. वहिवाट या शब्दांत वाट आहे, हें इतकीं वर्षें भाषा शिकवून आम्हांला कधीं दिसलें नव्हतें. ज्या समाजानें हक्काला हें नांव दिलें, त्याला हक्क कोठून येतो तें ठाऊक असलें पाहिजे; आम्हांला तो पार्लमेंटांतून येतो असें वाटत होतें. किंडर स्काउटच्या डोंगरावर चढलेल्या पोरांची गोष्ट दरवर्षीं वर्गांत रंगवून सांगणारे आम्ही, प्रत्यक्ष प्रसंगीं रखवालदाराच्या बाजूनें उभे राहिलों होतों, आणि तेंहि उपकार केल्याच्या समजुतींत.

वैशाखांत आम्ही पुन्हां गेलों. स्नेह्यांना अगोदर पत्र लिहून कागद फाडून टाकण्याची विनंति केली होती. तिचें उत्तर आलें नाहीं, म्हणून त्यांच्याकडे न उतरतां सकाळच्या गाडीनें जव्हार गांठलें आणि पाड्यावर गेलों. सारा माळ भाजून निघाला होता. या डोंगरांत पाऊस थोडा पडतो असें नाहीं, चार महिने तो कोसळत असतो. पण खालीं काळा कातळ, पाणी मुरतें थोडें आणि उतारानें निघून जातें फार. शेजारच्या मोखाडा तालुक्यांत वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ सालीं पुरें झालेलें, एकशें दोन मीटर उंच. तें पाणी मुंबईस जातें. आम्ही मुंबईस तोटी फिरवितों तेव्हां याच डोंगरांतलें पाणी न्हाणीघरांत येतें, आणि त्याला वाटेंत कोठें कुंपण लागत नाहीं.

ती बाई भेटली. आम्हीं विचारलें, दारें वेळेवर उघडतात ना? उघडतात, ती म्हणाली. पण त्यांतून कोणी जात नाहीं. वैशाखांत खळग्यांतलें पाणी हंडाभर सांचावयास बराच वेळ लागतो. बायका पाळीपाळीनें बसतात. कोणाची पाळी मध्यरात्रीं येते, कोणाची भर दुपारीं. हंडा भरतो तेव्हां दार बंद असतें. सकाळीं सहा ते आठ ही वेळ फिरावयास जाणाऱ्या माणसाच्या हिशेबाची, आणि ती ठरविली होती आम्हीं. ज्या दोघांनीं कागदावर सही केली त्यांना पाणी आणावें लागत नाहीं. ज्यांना आणावें लागतें त्यांना कोणी विचारलें नव्हतें, आम्हींहि नाहीं.

त्या दिवशीं आम्ही तिच्याबरोबर कुंपणाच्या बाहेरून घळीपर्यंत गेलों आणि तिची पाळी येईपर्यंत बायकांत थोडे दूर बसून राहिलों. परततांना तिच्याजवळचा प्लॅस्टिकचा डबा मागून घेतला. तिनें दिला नाहीं, मग दिला. मोहांपर्यंतसुद्धां आम्हांला तो नेतां आला नाहीं. मार्गशीर्षांत दारांतून गेलों तेव्हां वहींत नोंद केली होती बारा मिनिटांची. या वेळीं बाहेरून, भरल्या हंड्यांच्या मागोमाग, पाऊण तास लागला, आणि तो आमचा, एका डब्यापुढें हात टेंकलेल्या माणसाचा. ती आमच्यासाठीं दोनदां थांबली होती.

कागदाचें काय करतां येईल तें मित्रानें सांगितलें आहे. सही दोघांची आहे, साऱ्या पाड्याची नाहीं. आणि वर्ष अजून पुरें झालेलें नाहीं, तें अश्विनांत होईल. नोटिशीचा मसुदा त्यानें करून दिला. त्याची भाषा आम्हीं सुधारलेली नाहीं. साक्षीदार म्हणून आपण काय केलें तें लिहून देण्याचें आम्हीं कबूल केलें आहे. हें स्नेह्यांच्या कानीं गेल्यापासून त्यांचा दूरध्वनि बंद आहे. बायकांना आम्हीं मसुदा वाचून दाखविला, तेव्हां भट्टीवरचीं माणसें आल्यावर बसून ठरवूं, असें त्या म्हणाल्या. तीं पावसाच्या तोंडीं येतात. आम्ही ज्येष्ठांत पुन्हां जाणार आहों; जव्हारांत कोठें खोली मिळते का, तें आतां पाहावें लागेल.